संतान ही देणगी, सत्य ही अमानत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला एका क्षुद्र थेंबापासून घडविले, त्याला ऐकण्याची व पाहण्याची शक्ती दिली आणि नात्यागोत्याच्या बंधनाने एकमेकांशी जोडले. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर व सहाबांवर.



आपल्या समाजात वारंवार दिसणाऱ्या एका दृश्याकडे आज लक्ष वेधायचे आहे. निकाहाला दोन-तीन वर्षे होतात आणि घरात पाळणा हलत नाही. नातेवाईक विचारू लागतात. सुनेला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेले जाते. तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, गर्भनलिकांची तपासणी होते, क्वचित दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. कोणी तावीज आणून देतो, कोणी बाबाकडे नेतो. एवढे सगळे होईपर्यंत पतीची एकही तपासणी झालेली नसते. डॉक्टरांनी सुचविले तर घरातून उत्तर येते, “आमच्या मुलात काय कमी आहे? धडधाकट तर आहे!” आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या निकाहाची कुजबुज सुरू होते.

जी तपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे ती सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही. आणि जी खर्चिक व वेदनादायक आहे ती सर्वांत आधी होते, कारण ती स्त्रीची असते. हा केवळ वैद्यकीय निष्काळजीपणा आहे काय? नाही. हा न्यायाचा प्रश्न आहे, अमानतीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच दीनचा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, बारा महिने नियमित सहवास असूनही गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणतात. याच संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, जगातील सुमारे सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा पत्नीकडील कारणासोबत आढळते. तेव्हा केवळ सुनेची तपासणी करून थांबणारे कुटुंब अर्धाच प्रश्न विचारत असते आणि त्या अर्ध्या प्रश्नाच्या उत्तरावर एका निरपराध स्त्रीचा निवाडा करीत असते.

कुरआनची शिकवण

दिव्य कुरआनच्या सूरह शूरामध्ये (४२ : ४९-५०) अल्लाहने स्पष्ट केले आहे की आकाशांची व पृथ्वीची सत्ता त्याचीच आहे. तो इच्छितो त्याला मुली देतो, इच्छितो त्याला मुलगे देतो, कोणाला दोन्ही देतो आणि इच्छितो त्याला अपत्यहीन ठेवतो. या ठिकाणी अपत्यहीनासाठी आलेला शब्द ‘अकीम’ असा आहे. अरबी भाषेत तो पुरुषालाही लागू होतो आणि स्त्रीलाही. म्हणजे आमच्या भाषेने ‘वांझ’ हा शब्द केवळ स्त्रीच्या माथी मारला असला, तरी ईशवाणीने तसे केलेले नाही.

हजरत जकरिया (अ.) यांची दुआ आठवा. सूरह मरयममध्ये सांगितले आहे की त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हळुवारपणे साद घातली. त्या दुआची सुरुवात त्यांनी पत्नीच्या वांझपणापासून केली नाही. आधी त्यांनी स्वतःची दुर्बलता मांडली, आपली हाडे कमकुवत झाली असून डोके पांढरे झाले आहे असे सांगितले. पत्नीचा उल्लेख त्यानंतर आला. अल्लाहचे प्रेषित असूनही आपल्या देहातील उणीव आधी कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आम्हाला एक तपासणी करून घेण्यात कसला कमीपणा?

वंशपरंपरेचा धागा

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. बनू फजारा कबिल्यातील एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) आला आणि आपल्या पत्नीने काळ्या वर्णाच्या मुलाला जन्म दिला आहे असे म्हणाला. त्याच्या बोलण्यात पत्नीविषयी संशय होता. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की तुझ्याकडे उंट आहेत काय, त्यांचा रंग कोणता? त्याने तांबडा असे उत्तर दिले. त्यांत एखादा राखाडीही आहे काय? तो म्हणाला, आहे. मग तो कोठून आला? त्या मनुष्याने उत्तर दिले की एखाद्या जुन्या शिरेने त्याला ओढले असावे. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की तुझ्या या मुलालाही कदाचित अशाच एखाद्या शिरेने ओढले असेल.

या प्रसंगातील दोन गोष्टी आपल्या विषयासाठी फार मोलाच्या आहेत. पहिली अशी की, पूर्वजांकडून आलेले गुण मधल्या पिढ्यांत लपून राहतात आणि पुढे प्रकट होतात, हे येथे मान्य केले आहे. आज विज्ञान त्याच धाग्याला जनुक म्हणते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रेषितांनी (स.) वंशपरंपरेचे हे ज्ञान एका स्त्रीवरील संशय दूर करण्यासाठी वापरले. आमच्या हाती आज त्याहून कितीतरी सूक्ष्म ज्ञान आहे. त्याचा उपयोगही स्त्रीवरचा खोटा आरोप पुसण्यासाठी व्हावयास हवा.

तपासणी आणि तवक्कुल

काही बंधू म्हणतात, “अल्लाह देणार असेल तर देईल, तपासण्या कशाला?” हा युक्तिवाद वरवर ईमानाचा वाटतो, परंतु तोच मनुष्य ताप आल्यावर रक्त तपासतो, गाडीला ब्रेक बसवून घेतो आणि दुकानाला कुलूप लावतो. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून करू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांध व मग तवक्कुल कर, अशीच शिकवण दिली (तिर्मिजी). खेडुतांनी उपचाराविषयी विचारले तेव्हा त्यांनी उपचार करण्याचा आदेश दिला आणि वार्धक्य वगळता अल्लाहने प्रत्येक व्याधीबरोबर तिचा इलाजही उतरविला आहे असे सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी).

खरा अडसर तवक्कुलचा नसून लाजेचा आहे. पुरुषाला भीती वाटते की अहवालात दोष निघाला तर आपल्या मर्दपणावर बोट ठेवले जाईल. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नपुंसकता आणि वंध्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही असा पुरुषही पूर्णतः निरोगी, बलवान आणि वैवाहिक जीवनात समर्थ असू शकतो. म्हणूनच “धडधाकट आहे” हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

वीर्यतपासणीविषयी अनेकांच्या मनात शरीअतसंबंधी संकोच असतो. वैद्यकीय गरजेसाठी नमुना देण्यास उलेमांनी सवलत दिली आहे. शिवाय तो पत्नीच्या साहाय्याने घरीही घेता येतो, मात्र शरीराच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. भांडे प्रयोगशाळेकडूनच घ्यावे आणि त्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळावा. एका अहवालावर निर्णय करू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळातील ताप, औषधे वा आजारपण यांचा परिणाम अहवालावर दिसतो. तंबाखू, गुटखा व धूम्रपान हानिकारक आहेतच. व्यायामशाळेत पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी संप्रेरकांची इंजेक्शनेही शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे.

जनुकीय कारणे कोणती?

शुक्राणू अजिबात नसतील किंवा त्यांची संख्या दर मिलिलिटरला साधारण ५० लाखांहून कमी असेल, तर पुढील पायरी रक्ताची जनुकीय तपासणी ही आहे. पुरुषांतील वंध्यत्वाची सुमारे १५ टक्के कारणे जनुकीय असल्याचे मानले जाते. त्यांतील प्रमुख कारणे सोप्या भाषेत समजून घेऊ.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. पुरुषामध्ये त्यांपैकी एक एक्स व एक वाय असते. काही पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जास्त असते. १९४२ साली अमेरिकेतील डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेची लक्षणे वर्णिली, म्हणून तिला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. अधिकच्या एक्स गुणसूत्राचा शोध १९५९ साली लागला. सुमारे सहाशे पुरुषांमागे एकात ही अवस्था आढळते आणि अनेकांना ती आयुष्यभर माहीतही नसते. ती बहुधा वंशपरंपरेने येत नाही. बीज तयार होतानाच्या विभाजनात हा फरक घडतो. म्हणून आई, वडील किंवा घराणे यांना दोष देण्यात काहीच अर्थ नाही. अशा काही पुरुषांत वृषणातून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात. परंतु त्याआधी टेस्टोस्टेरॉनची औषधे सुरू केली तर ती संधीही कमी होते. निदान आधी व्हावयास हवे ते यासाठी.

दुसरे कारण वाय गुणसूत्रातील सूक्ष्म तुटींचे आहे. या गुणसूत्राच्या एका भागात शुक्राणू तयार करणारी जनुके असतात. या भागाचे ए, बी व सी असे विभाग केले जातात. ए किंवा बी विभाग संपूर्ण नसेल तर शस्त्रक्रियेनेही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणजे रक्ताच्या एका तपासणीने व्यर्थ शस्त्रक्रिया आणि लाखोंचा खर्च टळतो. सी विभाग नसेल तर अनेकदा शुक्राणू मिळतात आणि उपचाराने अपत्यही होऊ शकते. मात्र वाय गुणसूत्र पित्याकडून प्रत्येक मुलाकडे जात असल्याने ही तूट मुलाला वारशाने मिळते व पुढे त्यालाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. मुलींकडे ती जात नाही.

तिसरे कारण असे की काही पुरुषांत शुक्राणू व्यवस्थित तयार होतात, पण त्यांना वाहून नेणाऱ्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. यामागे बहुधा सी.एफ.टी.आर. नावाच्या जनुकातील दोष असतो. याच जनुकाच्या तीव्र दोषामुळे सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा व पचनसंस्थेचा गंभीर आजार होतो. अशा पुरुषाचे शुक्राणू सुईने काढून उपचार करता येतात. परंतु पत्नीही त्या दोषाची वाहक असेल, तर अपत्याला दोन्हीकडून दोष मिळण्याची शक्यता निम्म्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून येथे पतीच्या निदानानंतर पत्नीची तपासणी अनिवार्य ठरते.

चौथा प्रकार गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हा होय. व्यक्ती स्वतः निरोगी असते, पण तिच्या बीजात जनुकांचे प्रमाण बिघडते आणि पत्नीचा गर्भपात वारंवार होतो. लोक म्हणतात, सुनेच्या पोटात गर्भ टिकत नाही. प्रत्यक्षात कारण पतीच्या गुणसूत्रांतही असू शकते. म्हणून वारंवार गर्भपात झाल्यास गुणसूत्रांची तपासणी दोघांचीही करावी.

आपल्या अनेक घराण्यांत मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेबहीण अशा नात्यांत निकाह होतात. शरीअतने तो वैध ठेवला आहे, पण अनिवार्य केलेला नाही. पती-पत्नीचे पूर्वज एकच असले तर तोच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. शुक्राणूंच्या रचनेतील काही दुर्मीळ दोष असेच दोन्हीकडून आल्यावर प्रकट होतात. अशा जोडप्यांनी उपचारापूर्वी थॅलेसेमियाची तपासणीही करून घ्यावी.

हे सारे सांगण्याचा हेतू घाबरविण्याचा नाही. पुष्कळ पुरुषांत तपासण्या करूनही कारण सापडत नाही. तरीही जे कळू शकते ते उपचारापूर्वी कळणे आवश्यक आहे. १९९२ साली ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या ‘इक्सी’ या पद्धतीने अपत्यजन्म घडविल्याचे जाहीर केले. त्याआधी अशा पुरुषांचा दोष त्यांच्यापाशीच संपत असे. आज तो उपचाराच्या मार्गाने पुढच्या पिढीत पोचू शकतो. सामर्थ्य वाढले तशी जबाबदारीही वाढली. जे मूल अजून जन्माला आलेले नाही, त्याचाही आपल्यावर हक्क आहे.

हजरत उमर (रजि.) यांचा निवाडा

समजा अहवाल हाती आला आणि दोष पतीमध्ये निघाला. आता काय? येथेच ईमानाची खरी कसोटी आहे. कितीतरी पुरुष अहवाल कपाटात लपवतात. पत्नीला सांगतात की दोघांचेही सारे ठीक आहे. आई सुनेला टोमणे मारते तेव्हा मुलगा खाली मान घालून जेवत राहतो. त्याच्या एका वाक्याने तिची सुटका झाली असती, पण तो ते वाक्य उच्चारत नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक घटना हदीसच्या जुन्या संग्रहांत नमूद आहे आणि इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनीही ती उद्धृत केली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका माणसाला जकात-वसुलीच्या कामावर पाठविले होते. तेथे त्याने एका स्त्रीशी निकाह केला. तो अकीम होता, म्हणजे त्याला अपत्य होणे शक्य नव्हते. परतल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी त्याला विचारले की तू अकीम आहेस हे तिला सांगितले होतेस काय? त्याने नकार दिला. तेव्हा त्यांनी त्याला आज्ञा केली की जा, तिला सांग आणि मग निर्णयाचा अधिकार तिला दे.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या या निवाड्यावर विचार करा. खलिफांनी पतीला तुच्छ लेखले नाही, त्याची अवहेलना केली नाही. त्यांनी फक्त विचारले, “सांगितलेस काय?” दोष असणे हा गुन्हा नव्हता, लपविणे ही चूक होती. आणि उपाय म्हणून स्त्रीला सत्य व निवड दोन्ही देण्यात आले. वंध्यत्वामुळे निकाह रद्द करण्याचा अधिकार कितपत मिळतो याविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत व त्यासाठी जाणकार मुफ्तींचा सल्ला घ्यावा. परंतु सत्य सांगण्याच्या कर्तव्याबाबत संशयाला जागा नाही. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा फसवणूक करणारा आमच्यातला नाही असे बजावले (मुस्लिम). धान्याची ओल लपविणे जर इतके गंभीर, तर जीवनसाथीपासून तिच्या मातृत्वाशी निगडित सत्य लपविणे किती गंभीर असेल?

म्हणून ज्या तरुणाला निकाहापूर्वीच आपल्या अशा दोषाची माहिती आहे, त्याने ती पैगाम देतानाच सांगावी. ज्याला निकाहानंतर कळले त्याने आधी पत्नीला सांगावे. सर्व गावाला सांगण्याची गरज नाही. हे पती-पत्नीचे रहस्य आहे आणि रहस्य राखणेही अमानतच आहे. मात्र घरात पत्नीला दोषी ठरविले जात असेल, तर मौन हे रहस्य राखणे नव्हे, तो जुलूम आहे. तेव्हा पतीने “कारण माझ्यात आहे, हिला बोलू नका” एवढे म्हटलेच पाहिजे.

घरातील वडीलधाऱ्या अम्मींनो, आपल्यालाही एक विनंती आहे. सून तुमच्या घरी अमानत म्हणून आली आहे. सूरह हुजुरातमध्ये परस्परांना टोमणे मारण्यास व वाईट नावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. हिशेबाच्या दिवशी “मला कारण माहीत नव्हते” ही सबब पुरेल काय? कारण माहीत नसताना बोलणे, हाच तर आरोप आहे.

उपचाराच्या मर्यादा

उपचार कोठपर्यंत वैध आहेत? १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तर १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून अशा बाळाचा जन्म झाला. उलेमांनीही या प्रश्नाचा वेळीच विचार केला. १९८० साली अल-अजहरचे शेख जादुल हक (रह.) यांनी आणि १९८६ साली अम्मान येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने यावर निर्णय दिले. त्यांचे सार असे की, पतीचे बीज आणि त्याच्याच पत्नीचे बीज असून गर्भ त्याच पत्नीच्या उदरात वाढणार असेल, तर गरजेपोटी व पूर्ण दक्षतेने असा उपचार करता येतो. तिसऱ्या व्यक्तीचे बीज किंवा उदर यांना येथे जागा नाही, कारण त्यामुळे वंशाची सरमिसळ होते.

ही मर्यादा जनुकीय दोषांच्या प्रकरणी विशेष जपावी लागते. पतीचे शुक्राणू मिळण्याची शक्यता नाही असे कळताच काही ठिकाणी ‘डोनर’चा पर्याय पुढे केला जातो. आपल्या देशाचा २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा त्यास अनुमती देतो. परंतु कायद्याने जे चालते ते सर्व शरीअतमध्ये चालतेच असे नाही. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी, समजत नसेल तर मराठीत समजावून घ्यावी आणि “केवळ आमचेच बीज वापरावे” असे लेखी द्यावे. साठवलेले बीज वा भ्रूण निकाह टिकून असेपर्यंतच वापरता येतात; तलाक किंवा पतीच्या मृत्यूनंतर नव्हे.

भ्रूणाची तपासणी गंभीर आजार टाळण्यासाठी असेल तर विश्वासू उलेमा व जनुकीय समुपदेशक यांच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा. मुलगा की मुलगी हे निवडण्यासाठी ती करणे मात्र १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच असा कायदा केला होता. कुरआनने ज्या वृत्तीचा निषेध केला, मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून चेहरा काळवंडण्याची ती वृत्ती प्रयोगशाळेच्या दारातून घरात येऊ देऊ नये.

आणि वाय गुणसूत्राची तूट असलेल्या पित्याने उपचार घ्यावा की नाही? जो मुलगा जन्माला येईल तो अन्यथा निरोगी असेल, पण मोठेपणी त्यालाही कदाचित हाच प्रश्न पडेल. हा निर्णय पती-पत्नीने मिळून, परस्पर सल्ल्याने आणि इस्तिखारा करून घ्यावा. घेतला तर मुलगा वयात आल्यावर त्याला सत्य सांगण्याचा निश्चयही त्याच वेळी करावा. त्याने आपल्या पत्नीवर आरोप होऊ देऊ नये, यासाठी त्याच्याही हाती ते सत्य असले पाहिजे.

ज्यांना अपत्य लाभले नाही

सर्व उपाय करूनही काहींच्या वाट्याला अपत्य येणार नाही. त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांचे जीवन पाहावे. प्रेषितांच्या (स.) या लाडक्या पत्नीला अपत्य झाले नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांच्या बहिणीच्या मुलाच्या, अब्दुल्लाह बिन जुबैर यांच्या नावावरून ‘उम्मे अब्दुल्लाह’ असे संबोधन दिले. त्यांचा सन्मान यत्किंचितही उणावला नाही. त्यांच्याकडून हजारो हदीस उम्मतला मिळाल्या आणि मोठमोठे सहाबा त्यांच्याकडे मसले विचारायला येत. त्या साऱ्या ईमानवंतांच्या माता ठरल्या.

पुरुषांनी स्वतः प्रेषितांचे (स.) जीवन पाहावे. त्यांचे मुलगे बालपणीच निवर्तले. मक्केच्या विरोधकांनी त्यांना ‘अबतर’, म्हणजे ज्याचे मागे कोणी उरले नाही असा, म्हणून हिणविले. त्यावर सूरह कौसर उतरली आणि निर्वंश कोण ते अल्लाहने ठरवून टाकले. आज हिणविणाऱ्यांची नावे कोणी प्रेमाने घेत नाही. आणि ज्यांना हिणविले गेले, त्यांच्यावर जगाच्या कानाकोपऱ्यांतून दररोज दरूद पाठविला जातो. पुरुषाचे मोल त्याच्या वंशवेलीवर ठरत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

अनाथाच्या संगोपनाचे दारही उघडे आहे. प्रेषितांनी (स.) आपली दोन बोटे जुळवून दाखविली आणि अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या इतक्या निकट असेल अशी शुभवार्ता दिली (बुखारी). सूरह अहजाबच्या आदेशानुसार त्या मुलाचे पितृनाम बदलू नये. प्रेम, शिक्षण व छाया मात्र भरभरून द्यावी. बाळ दोन वर्षांच्या आतील असेल आणि पत्नीच्या बहिणीने किंवा पतीच्या बहिणीने त्याला रीतसर दूध पाजले, तर दुधाचे नाते जुळून पडद्याची अडचणही दूर होऊ शकते. त्याचा तपशील मुफ्तींकडून समजून घ्यावा.

बंधूंनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या कुटुंबात एखादी सून तपासण्यांच्या फेऱ्यांत थकलेली असेल, तर तिच्या पतीला बाजूला घेऊन प्रेमाने विचारा, “बेटा, तुझी तपासणी झाली आहे काय?” हा प्रश्न विचारणे हा तिच्यावरील उपकार नव्हे. तो तिचा हक्क आहे, आणि तिच्यापर्यंत सत्य पोचविणे ही त्याची अमानत आहे.

हे अल्लाह! ज्यांच्या ओट्या रिकाम्या आहेत त्यांना सदाचारी संतती दे. ज्यांच्यासाठी तू अन्य काही योजले आहेस त्यांना संयम आणि समाधान दे. आमच्या पुरुषांना सत्य बोलण्याचे धैर्य दे, आमच्या स्त्रियांना अपमानापासून वाचव आणि आमची घरे परस्पर प्रेमाने व दयेने भरून टाक.

आमीन.